टाळूतलं नाक आणि पाहुण्याचा मोजा

मांजरीनं एखादी वस्तू हुंगून वरचा ओठ उचलला, तोंड अर्धवट उघडं ठेवलं आणि दात दाखवत ती तशीच थिजून उभी राहिली, की बघणाऱ्याला वाटतं ती आपल्याला वेडावतेय. मला तर लग्न होऊन चौकटीच्या आत पाऊल टाकल्याबरोबर तसं वाटलं होतं. देगलूरचं सासर, अंगावरची हळद अजून उतरलेली नाही, आणि चुलीशेजारी सासूबाईंची पांढरी मांजर पसरलेली. मी माहेरची ट्रंक उघडली तशी ती उठली, आत मान घातली, माझी नवी कोरी साडी हुंगली आणि माझ्याकडे वळून असं तोंड केलं, जणू नाकाशी सडका कांदा फुटलाय.

मी काय समजायचं? माझ्याच अंगाला घाण वास येतोय!

त्या दिवसापासून मी आंघोळीवर आंघोळ सुरू केली. शिकेकाई, डाळीचं पीठ, संत्र्याच्या साली, जे हाताला लागेल ते अंगाला. सासरे हौद भरून भरून दमले. सासूबाई गल्लीभर सांगत फिरायच्या, "आमची सून लई सोवळ्याची हाय बरं का." कसलं सोवळं! मॅट्रिक झालेली पोरगी, सासू-सासऱ्यांना सोडून मांजरीला भिऊन राहिली होती. नवऱ्याच्या मर्जीची फिकीर नव्हती, मांजरीच्या मर्जीची होती. माहेरी आमच्या दोन मांजरी त्याच ट्रंकेवर झोपायच्या, एवढी साधी गोष्ट त्या मॅट्रिक शहाणीच्या डोक्यात आली नाही ती नाहीच.

खरं काय ते कळायला मला म्हातारं व्हावं लागलं, आणि नातीला शिकायला माझ्याकडे नांदेडला यावं लागलं. नातीनं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एक करडं पिल्लू ओढणीत गुंडाळून आणलं. म्हणाली, "आजी, एक रात्र ठेवू." ती रात्र अजून संपायची आहे.

पिल्लू मोठं झालं, मांजर झाली, आणि एक दिवस नातीची जिमची पिशवी हुंगून तिनं तेच तोंड केलं. ओठ वर, जबडा खाली, नजर शून्यात. चष्मा कुठं ठेवला ते आठवत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यासारखी. या वेळी मी आंघोळीला पळाले नाही, एवढी अक्कल वयानं दिली होती. पण मला वाटलं, हिचा जबडा अडकला. बाजाराच्या पिशवीत मांजर, पिशवी मांडीवर, आणि ऑटोवाला सारखा मागं वळून विचारतोय, "माय, पिशवी रडून राहिली का?" अशी आमची वरात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाई हसल्या. म्हणाल्या, "आजी, जबडा ठीक आहे. ती वास चाखतेय." मग मांजरीचं तोंड हलकेच उघडून दाखवलं. वरच्या पुढच्या दातांच्या मागं, टाळूला, दोन बारीक भोकं असतात. तोंड उघडून मांजर वास तिथून आत ओढते. आत आणखी एक नाक म्हणा ना. भाजी-भाकरीच्या वासाला ते नाही लागत. दुसऱ्या मांजराचा वास असला, कोण होतं, नर का मादी, कधी येऊन गेलं, हे वाचायचं असलं की ते नाक कामाला येतं. नातीच्या जिममधल्या कोणाकडं तरी मांजर असणार, हे बाईंनी पिशवी न बघता सांगितलं. निघताना दटावलंही. "हे तोंड क्षणभराचं असतं, आपोआप मिटतं. पण कधी जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली, लाळ गळायला लागली, तोंडाला पंजा मारायला लागली, घास उचलून खाली टाकायला लागली, तर तो आजार. तेव्हा 'वास चाखतेय' म्हणत घरी बसायचं नाही."

मी तेव्हापासून मांजरीचं तोंड वाचायला लागले. खिडकीतल्या चिमणीकडं बघून दात कटकट वाजवते ती शिकारीची खाज. दाराच्या कोपऱ्याला गाल घासते ते आपल्या नावाची पाटी लावणं. मी गाल पुढं केला तर मलाही पाटी लावून जाते.

पुढं मी नांदेडचं घर आवरून लातूरला मुलाकडं, म्हणजे नातीच्या बापाकडं, राहायला आले. मागोमाग नातही, आणि तिच्यामागं मांजर. सुनेला मांजरीच्या केसांनी शिंका येतात. बिचारी तोंडाला रुमाल बांधून पोळ्या लाटायची. मुलानं ठरवून टाकलं, पोरीचं लग्न जमलं की मांजर शेतावर सोडायची. नात म्हणाली, ती माझ्याबरोबर येईल. मुलगा म्हणाला, कोणतं सासर सुनेबरोबर मांजर घेतं? एक स्थळ या मांजरीपायीच मोडलंही होतं.

आता दुसरं आलं. नवऱ्या मुलाचे आईवडील धर्माबादचे, तो स्वतः नोकरीला नांदेडात, एकटा खोली करून राहणारा. नात त्याच्याशी फोनवर बोलली होती आणि बोलून झाल्यावर बराच वेळ उगाच फोनकडं बघत बसली होती. मला कळायचं ते कळलं. पण मांजरीचं तिनं त्याला विचारलं नव्हतं.

"विचार की गं."

"नाही म्हणाला तर, आजी?"

एकतर हा मुलगा, नाहीतर मांजर. पोरगी दोन्हीकडून सुकत चालली होती.

पाहुणे यायच्या दिवशी माझ्या मुलानं मांजर न्हाणीघरात कोंडली आणि मला बजावलं, "माय, आज मांजरीचं नाव काढायचं न्हाई. गप ऱ्हायचं." मी हाव म्हणत मान डोलावली. नाव काढलंच नाही. कडी काढली. मांजरीला कडी काढता येत नाही, मग कोणीतरी काढायला पाहिजेच की.

पाहुणे बैठकीच्या खोलीत बसलेले. नवरा मुलगा, त्याचे आईवडील, आणि त्याची आत्या. आत्या म्हणजे सगळ्या भावकीची सोयरीक याच बाईच्या मानेवर हलायची, होकार खालीवर, नकार आडवा. ताटल्यांत सुनेनं केलेली सुशीला, मुरमुरे भिजवून फोडणी दिलेली, वर शेंगदाणे. नात समोर बसलेली. आत्या विचारत होत्या, "स्वयंपाक येतो का समदा?" तेवढ्यात मांजर आली. शेपटी उभी, चाल अशी की जणू हिलाच बघायला आलेत.

आत्यांना ओलांडून, वडिलांना ओलांडून ती थेट मुलाच्या पायाशी. मोजा हुंगला. परत हुंगला. मग पँटची दुमड. आणि मान लांब करून, ओठ उचलून, तोंड उघडून दात दाखवत थिजली.

"अगं बाई!" आत्यांनी पाय खुर्चीवर घेतले. "दात दाखवून राहिलं की हे! पिसाळलं का काय?"

"न्हाई न्हाई," माझा मुलगा उभाच राहिला. "शेजाऱ्याचं हाय ते."

"शुभकार्यात मांजर आडवं येऊन तोंड वेंगाडतंय," आत्या भावाला म्हणाल्या, "ध्यानात घे बरं." आणि त्यांची मान आडवी व्हायला लागली.

नातीचा चेहरा बघवेना. मी ताटली खाली ठेवली.

"बाई, पिसाळलेलं मांजर मोजा हुंगत बसत न्हाई," मी म्हटलं. "ती वेंगाडत नाहीये, वाचून राहिली. मांजरीला टाळूत दुसरं नाक असतं. ती काही आपल्यातल्या प्रत्येकापाशी तोंड उघडत नाही. दुसऱ्या मांजराचा वास असल्याबिगर हे असलं तोंड सहसा होत न्हाई." मग नवऱ्या मुलाकडं वळले. "लेकरा, खोलीवर कोण असतं तुझ्यासंगं?"

मुलगा लाल झाला. आईकडं बघितलं, मग आत्याकडं, मग स्वतःच्या मोज्याकडं.

"एक बोका आहे."

"बोका?" आई म्हणाली. "मी दिवाळीत आले होते की खोलीवर! कुठं होता?"

"गच्चीवर. तुला चालणार नाही म्हणून..."

"आन् ते शर्टाला केस असायचे ते?"

"त्याचेच."

"तू तर म्हणलास ब्लँकेटचे हायत!"

नातीनं मान वर केली. मुलगी बघायला आलेल्या मुलाला मुलीनं असा पहिला प्रश्न विचारलेला माझ्या सगळ्या आयुष्यात मी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकणार नाही.

"नसबंदी केलीत का?"

माझ्या मुलानं डोळे मिटून घेतले. सुनेला नेमकी तेव्हाच शिंक आली.

"केली," मुलगा म्हणाला. "लसी पण दिल्यात." आणि खालच्या आवाजात, "मीच विचारणार होतो तुम्हाला, बोका चालेल का म्हणून. फोनवर धीर नाही झाला."

नात हसली. "मला बोका चालेल. तुम्हाला ही चालेल का?" आणि मांजर उचलून मांडीवर घेतली. शेजाऱ्याची ती!

आत्या मात्र अजून खुर्चीवर पाय घेऊनच. मला त्यांची मान खालीवर व्हायला हवी होती. मी म्हटलं, "तुम्हीच परीक्षा घ्या. तुमच्या घरी मांजर न्हाई ना? पदर पुढं करा. तोंड उघडलं तर माझं खोटं."

आत्यांनी नाक मुरडत पदराचं टोक पुढं केलं. मांजरीनं मांडीवरून उतरून हुंगलं, गाल घासला, आणि तोंड मिटून निघून गेली.

"बघा," मी म्हटलं. "पाटी लावून गेली तुम्हाला. आपली माणसं म्हणली."

आत्या पदराकडं बघत राहिल्या. मग सुशीलाची ताटली उचलली. "धर्माबादची समदी गल्ली मला भिती," त्या म्हणाल्या, "आन् हिनं तर हुंगून सोडलं." आणि मान खालीवर झाली. एकदाच झाली, पण झाली.

बैठकीत सुपारी फुटली तेव्हा देण्याघेण्याच्या बोलण्यात आत्यांनीच आठवण करून दिली, "आन् मांजर मुलीसंगं येईल, हे बी ठरलं म्हणा." माझ्या मुलानं माझ्याकडं बघितलं. मी सुपारी चघळत होते.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दोघांना एकदम समोर आणू नका, आधी वासाची ओळख करून द्या. म्हणून साखरपुड्याआधी दोन्ही घरांतून फडकी गेली-आली. नांदेडहून बोका झोपतो तो टॉवेल, लातूरहून मांजरीची जुनी चादर. टॉवेल आला तेव्हा मांजरीनं हुंगलं, तोंड उघडून थिजली, फिसकारली, दूर जाऊन बसली. परत आली, परत वाचलं. काही दिवस हेच चाललं. मग एका दुपारी बघते तर टॉवेलवर अंगाचं वेटोळं करून गाढ झोपलेली, तोंड घट्ट मिटलेलं.

मी फोन उचलला आणि होणाऱ्या नातजावयाला सांगितलं, "बोक्याला कळव. मुलीकडून पसंती आहे."