मावशीची पेडलं

माझी मावशी छापखान्यात पानं लावते. म्हणजे आलेला मजकूर कॉम्प्युटरवर घ्यायचा, चित्रं बसवायची, ओळी सारख्या करायच्या आणि पुस्तकाचं पान छपाईला तयार करून द्यायचं. मी त्याच छापखान्यात प्रुफं तपासते, तिच्या शेजारच्याच टेबलावर. त्यामुळे हे ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. मधली बोटं तरुणपणीच इथल्या कागद कापायच्या मशीनखाली गेली. तेव्हाचे मालक म्हणाले होते, घरी बसून पगार घे. ती हाताची पट्टी सुटायच्या आत कामावर हजर. पुढे कॉम्प्युटर आले आणि एका हाताने भागेना, तेव्हा तिने टेबलाखाली पायाने दाबायची पेडलं बसवून घेतली. एकाने जोडाक्षर जुळायचं, दुसऱ्याने नुसत्या पहिल्या दोन अक्षरांवरून अख्खा शब्द उमटायचा, तिसऱ्याने पुढचं पान यायचं. त्यासाठी लागणारा छोटासा प्रोग्राम तिने आमच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स सिस्टीमवर स्वतःच लिहिला होता, धडपडत आणि चुकतमाकत. काम रंगात आलं की तिचे पाय असे हलायचे की बाइंडिंगवाल्यांनी तिचं नाव ‘पायपेटी’ ठेवलं. तिच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाली, “म्हणा खुशाल, पण सुरात म्हणा.”

एका सोमवारी आम्ही आलो तर सगळ्या मशीनचा चेहरामोहराच बदललेला. जुन्या डेस्कटॉपला, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नव्हते, म्हणून धाकट्या मालकांनी सुट्टीत सगळं नवं करून घेतलं होतं. खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते, अक्षरं रेखीव दिसत होती. मला तर आवडलंच. मावशीने खुर्ची ओढली, शाळेच्या भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि पेडल दाबलं. पानावर नुसता ‘ब’ उमटला. तिने परत दाबलं. बब.

“हे काय बोबडं बोलायला लागलंय?” ती म्हणाली.

कॉम्प्युटरवाला आला. कामाचा माणूस, पण घाईतला. त्याने टेबलाखाली वाकून वायर तपासली, मग प्रोग्राम उघडून बघितला आणि मान हलवली.

“मावशी, तुमचा प्रोग्राम चालणार नाही. डेस्कटॉपबरोबर खालची डिस्प्ले सिस्टीमच बदललीय. स्क्रीनवर काय दिसायचं, कीबोर्डवरचं कुठलं अक्षर कुठल्या खिडकीत जायचं, हे सगळं ती बघते. जुन्या सिस्टीममध्ये कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत अक्षरं घुसवू शकायचा. तुमचा तेच करत होता. नव्यात प्रत्येकाला भिंती घातल्यात.”

“मग जुनी सिस्टीम निवडायची सोय असेल ना?”

“मागच्या आवृत्तीपर्यंत होती. आता काढून टाकली. फार तर तुमच्या एकट्या मशीनवर सगळं जुनं परत बसवून देतो. वर्ष-दोन वर्षं ढकलता येतील.”

“आणि मग?”

“मग तेही बंद.”

“नको,” मावशी म्हणाली. “सगळे पुढे जाणार आणि मी एकटी मागे राहू? जमायचं नाही.”

दुपारी धाकट्या मालकांनी तिला बोलावलं. मी प्रुफं द्यायला गेले होते, तिथेच थांबले. माणूस वाईट नाही. त्यांनी आधी तिला बसायला सांगितलं, मग हळूच विषय काढला. पुढच्या काउंटरला कुणीतरी अनुभवी हवंय, गिऱ्हाइकांशी बोलायचं, ऑर्डरी घ्यायच्या, पगार तोच. “तुमचा त्रास वाचेल,” असं म्हणाले.

“त्रास मशीनला होतोय,” मावशी म्हणाली. “मी ठणठणीत आहे.”

“पण भूगोलाचं पुस्तक वेळेत जायला हवं.”

“जाईल. पानं मी लावतेय, मीच लावणार.”

त्यानंतर तिने डाव्या हाताने काम सुरू केलं. एकेक अक्षर टिपत बसायची. मधल्या सुट्टीत सगळे चहाला गेले तरी ही जागेवरच. मनगट सुजलं. माझी आई म्हणजे तिची थोरली बहीण. तिने फोनवर झापलं, “काउंटरला बसलीस तर काय नाक कापलं जाणार आहे का?”

“ताई, नाक शाबूत आहे. बोटं गेली तीच पुष्कळ झाली. आता खुर्ची नाही द्यायची.”

तो डेस्कटॉप बनवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथे तिने तक्रार लिहिली. उत्तर आलं, ही चूक नाही, आम्ही ठरवूनच असं केलंय. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या खिडकीत टाइप करणं धोक्याचं आहे. मला वाटलं, आता ही भडकणार. पण तिने ते परत परत वाचलं.

“बरोबर बोलतोय हा,” ती म्हणाली. “असा एखादा प्रोग्राम मालकांच्या बँकेच्या खिडकीत शिरला तर? भिंत हवीच.” मग तिने डाव्या हाताने उत्तर लिहिलं: “भिंतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. भिंत बांधताना आत कोण राहतंय ते विचारायला हवं होतं. माझ्यासाठी दार कुठे आहे ते सांगा. नसेल तर मी इथेच बसून रोज विचारणार आहे.”

आणि तिने खरंच रोज विचारलं. कुणी चिडलं, कुणी टोमणे मारले, एकाने तर मशीन बदला म्हणून सल्ला दिला. “आधी तुझं बदलते,” असं पुटपुटून ही परत विचारायची. शेवटी दुसऱ्याच कुठल्यातरी देशातल्या एका बाईंचा निरोप आला. त्या संगीत लिहून काढण्याचं काम करतात आणि त्यांचा एक हात लुळा आहे. त्यांनी लिहिलं होतं: खिडक्यांच्या वाटेने जाऊच नका. पेडलाचं बटण डिस्प्ले सिस्टीमपर्यंत पोचायच्या आधी, खाली जिथे कीबोर्ड जोडला जातो तिथेच त्याचा अर्थ बदला. मग सिस्टीमला वाटेल, साधा कीबोर्डच बोलतोय.

मावशीने सगळा प्रोग्राम नव्याने लिहायला घेतला. मी त्या बाईंच्या सूचना वाचून दाखवायची, ती टाइप करायची. पहिल्या खेपेला पेडल दाबल्यावर पान भरून ‘ब’ आले आणि थांबेचनात. मी वायर उपटली तेव्हा कुठे गप्प झालं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हळूहळू ते ताळ्यावर आलं. पण ते कायम चालायला मशीनमध्ये खोलवर परवानगी लागत होती आणि ती कॉम्प्युटरवाल्याच्या हातात होती.

“एवढी मोकळीक कुणालाच देत नाही मी,” तो म्हणाला. “उद्या काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल.”

मावशी त्याला घेऊन तडक धाकट्या मालकांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिने उजवा हात टेबलावर ठेवला. एरवी ती तो पदराखाली ठेवते.

“कापायच्या मशीनला जाळी बसवली ती माझी बोटं गेल्यावर,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तेव्हा मी कुणाला बोलले नाही. लहान होते, घाबरले होते. आता नाही घाबरत. या वेळी आधी विचार करा. मला काउंटर नको, सवलत नको. माझी पेडलं चालायला हवीत.”

धाकट्या मालकांनी कॉम्प्युटरवाल्याकडे बघितलं. “सगळी मोकळीक द्यायची गरज नाही,” तो म्हणाला. “फक्त त्या पेडलापुरती परवानगी काढता येईल बहुतेक. बाकी सगळं बंदच राहील. मी बघतो.”

“बहुतेक नको,” मावशी म्हणाली.

“काढतो,” तो म्हणाला.

आणि त्याने काढली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला, प्रोग्राममधल्या तिच्या दोन चुकाही दाखवल्या. तिने त्या मुकाट्याने दुरुस्त केल्या. मग पेडल दाबलं आणि ‘ज्वाला’वरून ‘ज्वालामुखी’ हा अख्खा शब्द पानावर आला. ती हसली नाही. पुढचं पेडल दाबलं, पुढची ओळ घेतली. भूगोलाचं पुस्तक जरा उशिरा गेलं, पण तिच्याच हातून गेलं.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. पूर्वी तिच्या खिडक्या ठरल्या जागी उघडायच्या, मजकूर डावीकडे, पान उजवीकडे. आता जिथे वाटेल तिथे उघडतात आणि तिला रोज सकाळी त्या जागेवर नेऊन बसवाव्या लागतात. त्याबद्दलही तिची कट्ट्यावर तक्रार चालू आहे. मधल्या काळात तिने पेडलांची सगळी रीत सोप्या शब्दांत लिहून तिथे टाकली, आणि आता जगभरातले अडलेले लोक तिलाच विचारतात. त्यांना ती नीट, न वैतागता उत्तरं देते. आईला याचं फार नवल वाटतं.

परवा कॉम्प्युटरवाला दारात उभा राहिला. “मावशी, नवीन आवृत्ती आलीय. कधी टाकू?”

“आधी रिकाम्या मशीनवर टाक,” ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. “मी तिथे बसून बघते. मला पटलं तर इकडे.”

तो बरं म्हणाला आणि कोपऱ्यातलं रिकामं मशीन पुसायला लागला.