बंदीचे एकसष्ट दिवस

सानिका डोर्लेकरचे दोन दात मी पडलेले पाहिले. पहिला दुधाचा. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि माझ्या पायरीवर बसून तिने तो मला मूठ उघडून दाखवला. दुसरा गेल्या वर्षी एकवीस जूनला, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. तो तिच्या बापाने पाडला.

वेळ मी सांगू शकते, कारण त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे आणि मला रोज लिहून ठेवायची सवय आहे. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगत, आधी तारीख, मग वेळ, मग काय घडलं ते, आणि स्वतःचं मत शेवटी, जागा उरली तर. माझ्या वहीत मताला सहसा जागा उरली नाही.

सानिकाचा बाप भागोजी मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर तांडेल. बोट दुसऱ्याची, पण एकदा बंदर सुटलं की खलाशांना शब्द त्याचाच. ऑगस्टपासून मेपर्यंत तो घरी पाहुण्यासारखा यायचा, दोन दिवस झोपायचा आणि जायचा. एक जूनला मासेमारीची बंदी लागते ती एकतीस जुलैला उठते. ते एकसष्ट दिवस तो घरात असायचा. सकाळी ओट्यावर बसून जाळी शिवायची, दुपारी प्यायची आणि दिवेलागणीला तुळसाला मारायचं. तुळसा म्हणजे सानिकाची आई. मासळी विकून तिने मुलीला शिकवलं. बंदीच्या दिवसांत ती पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची. का, ते वाडीत सर्वांना माहीत होतं.

सानिकाने कॉलेजात मानसशास्त्र घेतलं तेव्हा भागोजी म्हणाला होता, "येड्यांचं शिक्षण. घरात एक येडी हाय ती पुरे." पोरगी पहिल्या वर्गात बी.ए. झाली. पुढे तिला एम.ए. करायचं होतं, मनाच्या आजारांवर उपचार करण्याचं. पुण्याला एक आणि मुंबईला एक असे दोन अर्ज तिने माझ्या टेबलावर बसून भरले. लेखी परीक्षा दोन्हीकडे पार पडल्या. मुलाखती जूनमध्ये आणि निकाल जुलैपर्यंत. हे सगळं नेमकं बंदीत येतंय, हे अर्ज भरताना तिच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

पुण्याची मुलाखत लॅपटॉपवर होती, नऊ जूनला सकाळी साडेअकरा वाजता. तिच्या घरात शांत जागा नव्हती म्हणून माझ्या पुढच्या खोलीत बसली. मी कॅमेऱ्यात न येता कोपऱ्यात खुर्ची घेतली. समोर तीन जण होते. पहिली दहा मिनिटं ती छान बोलली. मग भिंतीवर धप्प आवाज झाला आणि माझं घड्याळ खिळ्यावर हललं.

"तुमच्याकडे काही बांधकाम चाललंय का?" समोरच्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

सानिकाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच पुन्हा आवाज झाला आणि पाठोपाठ तुळसाचा ओरडा. सानिका उठली आणि पळाली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. ते तिघं "हॅलो, हॅलो" करत होते. मी पुढे झाले आणि शुद्ध इंग्रजीत सांगितलं, मुलीला अचानक बरं वाटेनासं झालंय, क्षमा असावी.

वीस मिनिटांनी ती परत आली. कुर्त्याची बाही रक्ताने भिजली होती. रक्त बापाचं होतं. त्याने तुळसाचं डोकं भिंतीवर आपटायला तिसऱ्यांदा धरलं तेव्हा सानिकाने त्याच्या मनगटाचा लचका तोडला होता. लॅपटॉप तोवर बंद झाला होता.

"काय सांगितलंत त्यांना?"

मी सांगितलं.

"का हो आजी? खरं सांगितलं असतंत तर ते थांबले तरी असते."

घरातलं बाहेर बोलायचं नाही हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की खोटं बोलतेय हे बोलून झाल्यावर कळलं. आठ दिवसांनी पुण्याहून नकार आला.

मुंबईची मुलाखत चोवीस जूनला होती, समक्ष. एकवीस तारखेला संध्याकाळी भागोजीला तिची भरलेली पिशवी दिसली.

"मुंबईला जाऊन काय करणार गो? लोकांच्या बापसांची उलटतपासणी?"

"शिकणार."

"आणि आवशीला कोण बघील?"

"तुम्ही मारायचं थांबवा, मग कोणी बघायला नको."

तो जाळ्याचा तळचा दोर शिवत बसला होता. त्या दोरात शिशाचे मणी ओवलेले असतात, जाळं बुडावं म्हणून. तोच दोर त्याने फिरवला. पहिला फटका तिच्या तोंडावर बसला. दुसऱ्याच्या आधी तुळसा तिच्यावर पालथी पडली आणि पुढचे सगळे तिने पाठीवर घेतले. मी अकरा मोजले. मग चप्पल घालून त्यांच्या दारावर थाप मारली. भागोजीने दार उघडलं, दोर अजून हातात होता.

"काय न्हाय काकी. पोर पायरीवरनं घसरली."

त्याच्या मागे सानिका जमिनीवर बसून ओंजळीत रक्त धरत होती, त्यात दात होता. मी म्हणाले, "बरं." आणि घरी येऊन वेळ लिहिली.

सानिका गेली तशीच, सुजलेल्या तोंडाने, टाके घातलेल्या ओठाने. मुलाखतीत काय झालं ते तिने मला आल्यावर सांगितलं. चौघं बसले होते. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तोंडाला काय झालं?

"वडिलांनी मारलं," ती म्हणाली.

मग त्या बाईंनी विचारलं, "उद्या असाच एखादा माणूस तुमच्यासमोर मदत मागायला येऊन बसला, तर?"

"आज बसला तर मी त्याचा गळा धरीन. म्हणून तर शिकायला यायचंय."

बाहेर येताना तिला खात्री होती की आपण होतं-नव्हतं ते घालवलं. पाच जुलैला यादी लागली. निवडलेल्यांत नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत चौथं होतं.

त्यापुढचे पंचवीस दिवस तिने कसे काढले ते मी पाहिलं. तिचा फोन भागोजीने दगडावर ठेचला होता, म्हणून संध्याकाळी सहाला ती माझ्या फोनवर यादी बघायला यायची. चार. चार. पुन्हा चार. एका संध्याकाळी तीन झाला, तेव्हा ती हसली आणि ओठाची जखम पुन्हा उकलून हनुवटीवर रक्त आलं. वरच्या नंबरांवर तिला अज्ञात अशी तीन माणसं होती. कोणाला दुसरीकडे जागा मिळावी, कोणाचं लग्न ठरावं, असं ती मोठ्याने म्हणायची आणि मग स्वतःलाच शिव्या द्यायची.

नंबर दोन झाला त्या दिवशी भागोजीला सुगावा लागला. त्याने कपाटातून तिच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि बोटीच्या केबिनमध्ये, बोटीचे परवाने ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत, कुलपात ठेवला. घरच्या बाईने मासेमारीच्या बोटीवर पाय ठेवला तर हंगाम बुडतो, अशी त्याची पक्की समजूत होती. घरातली कुठलीही जागा तुळसा शोधून काढील. बोटीवर ती जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

सानिका मात्र गेली. सोळा जुलैला भर दुपारी फळीवरून चढली. कुलूप तुटलं नाही आणि एका खलाशाने तिला बघितलं. त्या संध्याकाळी भागोजीने तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. दोन बोटं मोडली. तुळसाने मला हाक मारली, "काकी, बर्फ!" मी बर्फ दिला. रडताना सानिका एवढंच म्हणत होती, "आता सही कशी करू?"

तीस जुलैला दुपारी तीन वाजता ईमेल आला. जागा रिकामी झाली होती. दोन ऑगस्टला पाचच्या आत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. तिने डाव्या हाताने टाइप करून मुदत मागितली. ती मिळाली नाही. दुसरी प्रत काढायला महिना लागला असता. आणि एक ऑगस्टला सकाळी बोट आठ दिवसांसाठी समुद्रात जाणार होती, पेटीसकट.

एकतीसच्या संध्याकाळी तुळसा बाजारातून एक नारळ घेऊन आली. तो हातात तोलत, हलवून पाणी ऐकत ती ओट्यावर बराच वेळ बसून होती.

त्यांच्या बोटीवर एक रीत आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी तांडेलाच्या बायकोने धक्क्यावर उभं राहून तांडेलाच्या हातात नारळ द्यायचा. तो त्याने समुद्राला द्यायचा आणि मगच दोर सोडायचा. लग्न झाल्यापासून तुळसाने दर वर्षी तो दिला होता. एका वर्षी हात प्लॅस्टरमध्ये होता, तेव्हा कोपरात धरून दिला होता.

मी कधी धक्क्यावर जात नाही. त्या सकाळी गेले. पावसाची झिमझिम होती. नऊ खलाशी हार घातलेल्या बोटीशी उभे होते, इंजिन चालू होतं. भागोजी नवा सदरा घालून बोटीच्या काठाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

"आण."

"आधी पोरीचे कागद," तुळसा म्हणाली.

"घरी बोलू."

"आठ दिवसांनी? आणि घरी तू बोलतस कुठे? घरी तू मारतस. हितं बोल."

कोणीतरी हसलं. भागोजीने मागे वळून बघितलं तसं हसू थांबलं. मग रावजी, त्यांच्यातला सर्वांत म्हातारा खलाशी, विडी टाकून म्हणाला, "तांडेल, देऊन टाका कागद. नारळ पडल्याबिगर मी बोटीवर चढत न्हाय."

"मी पण न्हाय," दुसरा म्हणाला.

भागोजी धक्क्यावर उडी मारून आला आणि त्याने तुळसाच्या तोंडावर मूठ मारली. इतकी वर्षं दाराआड जे होत होतं ते पहिल्यांदा उजेडात, चाळीस माणसांसमोर झालं. तुळसा पडली नाही. नाकातून रक्त येत होतं. तिने दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते. एवढ्या जवळून ऐकला नव्हता.

तो गुडघ्यावर बसला, पण चांगल्या हाताने त्याने तिचे केस धरले आणि तिचं डोकं धक्क्याच्या लोखंडी खुंटाकडे ओढलं. सानिका त्याच्यावर कोसळली. तिने त्याला उताणा पाडला, छातीवर बसली आणि दोन्ही अंगठे त्याच्या गळ्यात रोवले, मोडलेल्या बोटांसकट. त्याचा चेहरा काळवंडला. टाचा ओल्या फरशीवर घासत होत्या. रावजी आणि आणखी एक जण तिला ओढत होते, पण ती सुटेना.

"सोड, सानिके," तुळसा म्हणाली. ती ओरडली नाही. "तुझी गाडी हाय."

सानिकाने आईकडे बघितलं. मग अंगठे सैल केले. बाजूला होऊन ती ओकली.

रावजीने भागोजीच्या करगोट्याला बांधलेली किल्ली काढून घेतली आणि पेटी उघडून कागद आणून दिले. गुणपत्रिकेच्या एका कोपऱ्याला डिझेल लागलं होतं. नारळ फुटला नव्हता. तुळसाने तो पदराने पुसला आणि रावजीच्या हातात दिला. त्या दिवशी बोट रावजीने नेली.

भागोजीला दवाखान्यात नेलं. बायकोने आणि मुलीने आपल्याला ठार मारायचा प्रयत्न केला, अशी तक्रार त्याने खाटेवरून दिली. सानिका घरी पायरीवर बसून राहिली. "मी आता जात नाही. आईला आत टाकतील."

"जा," तुळसा म्हणाली. "तू हितं बसलीस तर मी त्याचा खांदा कशापायी मोडला?"

तिला दुपारच्या एसटीत बसवून मी पिशवीत अकरा वर्षांच्या वह्या भरल्या आणि तुळसाला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने एक वही उघडली, मग दुसरी. तारखा, वेळा, किती फटके, कोणाचा आवाज. तो बराच वेळ वाचत होता.

"आजी, एवढं ऐकलंत, एवढं लिहिलंत. मग कोणाला का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "आज सांगतेय. लिहून घ्या." आणि पहिल्या तारखेपासून सांगायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत बोलत होते. नऊ जूनला पुण्याच्या लोकांना मी खोटं सांगितलं तेही सांगितलं, आणि एकवीस जूनचं ते "बरं" सुद्धा.

खटला अजून चालू आहे, दोन्ही बाजूंचा. भागोजी त्याच्या भावाकडे मंडणगडला असतो. खांदा नीट जुळला नाही, त्यामुळे सुकाणू धरता येत नाही. तुळसा माझ्याकडे राहते. भिंतीपलीकडची खोली रिकामी आहे, तरी दिवेलागणीला ती हातातलं काम थांबवून तिकडे कान देते.

सानिका दोन ऑगस्टला तीन वाजून चाळीस मिनिटांनी कागद घेऊन मुंबईच्या कार्यालयात पोचली. कारकुनाने डिझेलचा वास घेतला, तिच्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. सही तिने डाव्या हाताने केली. महिन्याभराने तिने ओळखपत्राचा फोटो माझ्या फोनवर पाठवला. तोंड उघडून हसतेय आणि वरच्या ओळीत दाताची जागा काळी दिसतेय.

तुळसाने फोन लावायला लावला. "काय गो, दात बसवायचा ना फोटोआधी?"

"बसवणार आहे, आई. फोटो आधी काढला."