जेवणानंतरची बैठक

इक्वेडोरात बाकीकडे काय रीत आहे मला ठाऊक नाही, पण आमच्या कुएंका शहरात जेवण कसं झालं हे ताट संपल्यावर माणूस किती वेळ बसला यावरून ठरतं. पाहुणा शेवटचा घास गिळून लगेच उठला तर समजायचं, एक तर अन्न बिघडलंय, नाहीतर मन. मी रोज दुपारी शेजारच्या लास्तेनियाबाईंकडे जेवतो. माझं टोप्यांचं दुकान दोन दारं सोडून आहे, तरी जेवायला बंद केलं की ते संध्याकाळच्या आत कधी उघडत नाही. गिऱ्हाइकं बोंबलतात. बोंबलू देत.

बाई जिभेने फटकळ, हाताने सढळ. नवरा गेला, मुलं एकामागोमाग न्यूयॉर्कला गेली आणि तिकडचीच झाली. "एवढ्या घरात एकटी काय करतेस? विकून टाक आणि इकडे ये," असा थोरल्या फाउस्तोने धोशा लावला होता. बाईंनी तोड काढली. विद्यापीठात जाऊन सांगितलं, शिकायला आलेली एखादी परदेशी मुलगी माझ्याकडे पाठवा. फाउस्तो फोनवर म्हणाला, "ठीक आहे आई. ती टिकली तर राहा. गेली तर घर विकायचं." बाईंनी शब्द दिला.

मुलगी आली एस्तोनियाची. हा देश नक्की कुठे आहे यावर आमच्या गल्लीत अजून वाद आहे. नाव लीसबेत. उंच, अबोल, स्पॅनिश पुस्तकी पण चोख. पहिल्या दुपारी तिने बटाट्याचं सूप चाटूनपुसून संपवलं, "आभारी आहे" म्हणाली, उठली, ताट घासलं आणि खोलीत गेली. मी अजून पहिला चमचा फुंकत होतो.

"मीठ जास्त पडलं का हो, शेजारी?" बाईंनी विचारलं.

"छे हो. प्रवासाने दमली असेल पोर."

दुसऱ्या दिवशी भाजलेलं डुक्कर आणि मक्याचे उकडलेले दाणे. पुन्हा तेच. मग मात्र बाई इरेला पेटल्या आणि त्यांनी कुय केला. कुय म्हणजे गिनीपिग. आमच्याकडे तो अख्खा भाजतात, दातांसकट. तो बघून पोरीचा चेहरा खडूसारखा झाला, पण तिने खाल्लं, आभार मानले, ताट घासलं आणि गेली.

"कुय खाऊन असं लगेच कुणी उठतं का?" बाईंचा आवाज कापला. "माझ्या लग्नात लोक कुय खाऊन दिवेलागणीपर्यंत जागचे हलले नव्हते!" त्यांनी रुमालाऐवजी टेबलाच्या कापडालाच डोळे पुसले. मला त्या पोरीचा मनापासून राग आला.

त्यातच विद्यापीठातून निरोप आला, की लीसबेतने दुसरी खोली मागितली आहे. शब्द दिला होता म्हणून बाईंनी ते फाउस्तोला कळवलं.

रविवारी गॅस संपला. रविवारी सिलिंडरची गाडी फिरकत नाही. बाईंनी पाव आणि चीज टेबलावर आपटलं, मी घरून कॉफीची किटली आणली. हातात धरूनच खाल्लं सगळ्यांनी. लीसबेत सवयीने उठली, पण घासायला काही नव्हतंच. क्षणभर घुटमळली आणि परत बसली.

बाईंना राहवलं नाही. "एक सांग बाई मला. माझ्या हाताला चव नाही का? जाते आहेस, तर निदान खरं सांगून जा."

पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "जेवण फार छान असतं. म्हणून तर जाते. मी आल्यापासून तुम्ही पहाटेपासून राबता. रोज जास्तच राबता. मी जेवून लगेच उठते, म्हणजे तुम्हाला जरा आराम मिळेल."

"आराम?" बाई उसळल्या. "अगं पोरी, आरामानेच तर जीव नकोसा झालाय माझा! मी तुला जेवायला वाढते ते तू भरल्या पोटाने उठून जावंस म्हणून? तू बसावीस म्हणून वाढते!"

"आमच्याकडे जेवण झाल्यावर बसून राहणं म्हणजे आगाऊपणा," ती हळूच म्हणाली.

"आणि आमच्याकडे उठणं म्हणजे शिवी," मी म्हटलं. तेवढ्यात राग कुठे गेला कोण जाणे, मला हसूच आलं. मग त्या दोघींनाही आलं.

सोमवारी गॅस आला. बाईंनी एकच पदार्थ केला, अंड्यात परतलेले मक्याचे दाणे. जेवण झालं. लीसबेत बसली. तिच्याकडे बोलायला फारसं नव्हतं, गप्पांची सवय तर त्याहून कमी, पण बसली. तिच्या गावात हिवाळ्यात समुद्र गोठतो आणि लोक त्यावरून गाड्या नेतात, म्हणाली. बाई म्हणाल्या, "थापा मारू नकोस." मग तिने बर्फावरच्या गाडीचा फोटो दाखवला, आणि बाईंनी चष्मा मागवून तो पुन्हा पुन्हा पाहिला.

इतक्यात फोन वाजला. फाउस्तो. घराला चांगलं गिऱ्हाईक आलंय, उद्या बघायला येईल, असा त्याचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

"नंतर कर रे बाळा," बाई म्हणाल्या, "आम्ही अजून जेवतोय."

बाहेर उन्हं कलली होती आणि ताटं केव्हाच वाळली होती.