स्वस्तातला बोर्ड

खाणी बंद पडल्यावर बाबांनी ट्रक विकला, आणि ट्रकामागोमाग तेही कुठेतरी निघून गेले. म्हणजे होते पाळी गावच्या घरातच, दारापुढच्या बाल्कांवात, ओसरीवर बसलेले. पण पुढच्या दिवसांचं काही बोललं की उठून जायचे. मी आंब्याचं कलम आणलं तर म्हणाले, "कोणाक खावंक?" मला राग यायचा. रागापेक्षा भीतीच जास्त.

मी पेडण्याला कचेरीत नोकरी करते. तिथल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कॉम्प्युटरच्या एका खेळाचा व्हिडिओ दाखवला. अवजड ट्रक, परदेशातले लांबच लांब रस्ते, माल पोचवायचा आणि पुढे जायचं. मला वाटलं, बाबांना हेच हवंय. त्याच शनिवारी कॉम्प्युटर घ्यायला म्हापशाला गेले, तर दुकानात चिपसेटचं महाभारत सुरू झालं.

मदरबोर्डावर एक चिप असते. ती भारी असली की बोर्डाला पुढेमागे बरंच काही जोडता येतं, प्रोसेसरही ताणून पळवता येतो. खेळ मात्र पळतो तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर. म्हणून जाणती माणसं सांगतात, बोर्ड साधा घ्या आणि पैसा कार्डात घाला. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मलाही कळत होतं. पण बाबांसाठी हलकं काही घ्यायचं जिवावर आलं होतं.

बाबा म्हणाले, "देवीक विचारया."

आमच्याकडे गाडी घ्यायची असो की सोयरीक जुळवायची, देवीचा प्रसाद घेतल्याशिवाय पान हलत नाही. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवळात भटजींना मदरबोर्ड समजावताना माझी तारांबळ उडाली. शेवटी बाबांनीच गाऱ्हाणं घातलं, "माये, ल्हान बोर्डार म्हजो ट्रक चलतलो?"

आम्ही बसून राहिलो. समईची ज्योत हलत होती, गाभाऱ्यातून अबोलीचा ओला गारवा येत होता, आणि देवी तो प्रश्न मनातल्या मनात घोळवत असावी असं मला वाटलं. मग उजवी पाकळी सुटली. देवी विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते.

साधाच बोर्ड घेतला आणि ट्रक चालला, अगदी लोण्यासारखा. बाबा चपला काढून बसायचे, खेळाच्या स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचे आणि निघायचे. जनेलाबाहेर पिकल्या काजूबोंडांचा वास सुटलेला, आणि आत बाबा बर्फातून ट्रक हाकतायत. सुट्टीच्या दुपारी मी त्यांच्या मागे चटईवर पडून राही. वळण आलं की ते हॉर्न देत. डोळे मिटले की सगळं घरच सावकाश चाललंय असं वाटायचं. माड मागे पडतायत, तुळस मागे पडतेय, कुठे पोचायचं ते बाबांना ठाऊक आहे. तेव्हा भीती जरा कमी व्हायची. पण खेळ बंद झाला की बाबा पुन्हा बाल्कांवात, पुन्हा गप्प. असेच काही महिने गेले.

एका दुपारी त्यांनी ट्रक रस्त्याकडेला लावला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बाये, पुढल्या वर्साक ह्या खेळांत नवे रस्ते येतले म्हणटात. मशीन जड जातलें. ह्या बोर्डार आनी मेमरी घालूंक जागो आसा मगो?"

नव्हती. त्या बोर्डावर मेमरीसाठी दोनच खाचा होत्या आणि दोन्हीत बोर्ड पेलेल तेवढी मेमरी आधीच भरलेली. पुढेमागे काही वाढवायला जागाच नसलेला बोर्ड मी पूर्ण शहाणपणाने घेतला होता. आता तो अपुरा पडला, आणि मला आनंद झाला. बाबा पुढल्या वर्षाचं विचारून उत्तराची वाट पाहत होते.

"ना बाबा," मी म्हटलं. "व्हडलो बोर्ड घेवंक जाय."