बाबांनी शोधलेली खानावळ

बाबांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं, तेव्हा आईने मला पुण्याला फोन केला. शेतात कापूस फुटून आलेला, वेचणी सोडून तिचा पाय निघणार नव्हता. मी रजा काढून यवतमाळला आले आणि बाबा राळेगावहून एसटीने आले. ऑपरेशननंतर रोज डोळा दाखवायला जायचं होतं. आमच्या गावच्या रस्त्यावर बसचे धक्के नकोत म्हणून आम्ही दवाखान्याजवळच एका लॉजवर खोली घेतली.

मी दूध सोडलंय, हे बाबांना फोनवर कधीतरी सांगितलं होतं. दूध, दही, ताक, तूप, काहीच नाही. मटण मी कॉलेजात असतानाच सोडलं, त्याचं त्यांना फार वाटलं नव्हतं. पण दूध म्हटल्यावर ते म्हणाले, "पोटाचं काही असन. डॉक्टरले दाखव."

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी आम्ही चौकातल्या मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो. मेन्यूकार्डावर शाकाहारी पदार्थांची पानंच्या पानं होती आणि जवळजवळ प्रत्येकात पनीर, बटर नाहीतर मलाई. वेटरला एकेक विचारत गेले, तो एकेकाला नकारार्थी मान हलवत गेला. शेवटी मी कोरडी तंदुरी रोटी, कांदा आणि लिंबू घेतलं. बाबांच्या डोळ्यावर पट्टी होती. उरलेल्या एका डोळ्याने ते माझं ताट बघत राहिले.

"तू कांदा खाऊन राह्यली अन् मी कायले पनीर खाऊ?" ते म्हणाले. त्यांनी खाल्लं, पण अर्धं टाकलं. बाबा पानात टाकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला आणि धूळ-धूर टाळायची ताकीद मिळाली. त्याच्या पुढच्या सकाळी मला जाग आली तर बाबांची खाट रिकामी. फोन उशाशीच पडलेला. लॉजवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "काका तर कवाचेच गेले." मी चपला घालून रस्त्यावर आले. दवाखान्याकडे गेले, एसटी स्टँडच्या बाजूला गेले. एका डोळ्याने नीट दिसत नाही, दुसऱ्यात थेंब घातलेले, आणि सकाळच्या ऑटोंची ही गर्दी.

तेवढ्यात समोरून काळा चष्मा लावून बाबा आले. हातात कागदाचे दोन पुडे.

"कुठी गेलते, बाबा?"

"तुह्यासाठी नाश्ता पाहाले." त्यांनी पुडा पुढे केला. "आलूबोंडे हायेत. तेलातले. अन् तिकडं पोहे भेटते तर्रीचे, चण्याची तर्री. त्यात दुधाचा थेंब नाही, मी इचारलं. चाल, गरम खाऊ."

मला रडू येत होतं आणि बोंड्यांचा वासही येत होता. गाड्यासमोर उभं राहून आम्ही पोहे खाल्ले. लालभडक तर्री, वरून बारीक कांदा आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मी दुसरी प्लेट मागितली तेव्हा बाबांनी गाडेवाल्याकडे असं पाहिलं, जणू पोहे त्यांनीच केले होते.

दुपारी ते मला कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत घेऊन गेले. पोहेवाल्यानेच तो पत्ता सांगितला होता. पत्र्याची एक खानावळ, चार बाकडी, मागे चूल. नवरा वाढायचा, बायको रांधायची. बाबा आत शिरतानाच मोठ्याने म्हणाले, "ताई, माह्या पोरीले दुधाची मनाई केली डॉक्टरनं. तिले काय भेटन?"

पदर खोचून मावशी बाहेर आल्या. "दुधाची? मंग तर सारंच भेटन, भाऊ. कढी सोडली तं आमच्या कशात दूध असते?"

आणि खरंच, आलं. मसालेदार रश्शात पोहणारी पाटवडी, चुलीवरून थेट ताटात पडणारी ज्वारीची भाकर, अंबाडीची आंबट भाजी, मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं तेल. पुण्यात मी काजूच्या दह्यासाठी आणि सोयाच्या पनीरसाठी दुकानं पालथी घालते. इथे कुणी काही वेगळं केलंच नव्हतं. मी तिसरी भाकर मागितली.

मावशी समोर येऊन बसल्या. "कोणता आजार झाला, बाई?"

खोटं बोलवेना. "आजार नाही, मावशी. पुण्यात माह्या घरामागं म्हशींचा मोठा गोठा होता. रेडकू जन्मलं की त्याले दूर बांधत. त्याले माय दिसे, पण जवळ जाता येत नसे. दिवसभर वरडे. मंग माह्यानं दूध जाईना."

बाबांचा घास हातातच राहिला. हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं.

ते हळू आवाजात म्हणाले, "आपल्या घरी दोन थानं वासराची ठेवतो आपण."

"मले माहीत हाय, बाबा."

"आधी त्याले पाजतो. मंग काढतो."

"हो, बाबा. तुमच्याबद्दल नाही म्हणून राह्यली मी."

त्यांनी मान हलवली. इतक्यात मावशींच्या नवऱ्याने कढीचा गंज, म्हणजे पातेलं, आणलं आणि बाबांजवळ येऊन थांबला. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कढीकडे.

"वाढ," ते म्हणाले. "माह्यानं नाही सुटणार, बाप्पा."

आम्ही चौघंही हसलो. वाटी मात्र त्यांनी माझ्यापासून लांब, बाकड्याच्या टोकाला ठेवली.

मग रोज दोन वेळा तिथेच. बाबांनी डॉक्टरची मनाई सांगणं सोडलं. नवीन गिऱ्हाईक दिसलं की ते सांगायचे, "ही माही पोरगी. दूध घेत नाही. तिचं मन नाही होत." एकदा भरितात दही कालवलेलं निघालं, नशिबाने मी घास घ्यायच्या आत मावशींच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून बाबा जेवणाआधी चुलीजवळ जाऊन उभे राहू लागले. मी ओरडायचे, मावशी ओरडायच्या. "डोळा झाकला तरी भाऊची नजर गंजावरच!" त्या म्हणायच्या.

धुराने व्हायचं तेच झालं. डोळा लाल झाला. डॉक्टर बाबांना चांगलेच रागावले, नवे थेंब दिले आणि अजून दोन दिवस थांबायला सांगितलं. मी खाली मान घालून बसले होते. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "बरं झालं. ताई उद्या गोळाभात करणार हाये."

गोळाभात झाला. वाफाळता मोकळा भात, त्यात भरडलेल्या चणाडाळीचे गोळे, आणि मावशींनी वरून मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी ओतली तेव्हा आख्खी खानावळ चुर्र झाली. सोबत चिंचेचं सार. बाबांना मी लांब बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. ते तिथूनच विचारत होते, "तेल बराबर पडलं न?"

डोळा छान सुधारला. आता कापूस घेऊन यवतमाळला गेले की बाबा त्याच खानावळीत जेवतात आणि तिथून मला फोन करतात. परवा म्हणाले, "आज डाळकांदा होता. पाहून घेतलं, तुले चालला असता. कधी येतं?" मागून मावशींचा आवाज आला, "तिले म्हणा, अंबाडी निघाली." मी फोन ठेवला आणि रजेचा अर्ज टाकला.