तपासणीआधीचे चार दिवस

दोन हजार सालच्या आसपास मला मधुमेह निघाला आणि लगेच गुरूही भेटले. रत्नागिरीतल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर ते दर महिन्याला असायचे. खलाशी म्हणून जग फिरून आलेले चाचा. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. विद्या मात्र घेतली.

"तपासणीआधी चार दिवस भात बंद," ते कानाशी येऊन सांगायचे, "आणि रोज भाट्याच्या पुळणीवर, समुद्राकाठी चालायचा. रिपोर्ट असा येतो, की डॉक्टर खूश! मग उरलेले सव्वीस दिवस आपलेच."

त्या सव्वीस दिवसांत त्यांनी आंब्याला आणि शिरखुर्म्याला कधी अंतर दिलं नाही. मीही दिलं नाही. डॉक्टर आम्हां दोघांची पाठ थोपटत.

मग डॉक्टरांनी एक नवी तपासणी लिहून दिली. तिच्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते. चाचांचा आकडा पाहून डॉक्टर ओरडले नाहीत. "मोजे काढा," एवढंच म्हणाले.

पुढचा नंबर माझा, म्हणून मी आतच स्टुलावर बसलो होतो. चाचांच्या अंगठ्याखाली खोल, काळपट जखम होती.

"कधीपासून आहे?"

"झाला असेल महिना. दुखत नाय डॉक्टर. दुखत नाय म्हणजे चांगलाच ना?"

डॉक्टरांनी सर्जनला फोन लावून सांगितलं, साखरेनं पायाची जाणीवच गेलीय. चाचा माझ्याकडे पाहून हसले. पुढे त्यांचा अंगठा गेला, पाय वाचला.

त्या दिवशी माझी पाळी आली, तेव्हा डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मी मोजे काढले.