घोडेवाल्याचा पहिला भाग

रिंकूचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं वडनेरच्या चौकातले लोक म्हणतात. खोटं नाही. पण तो उगाच तिथे जाऊन बसलेला नाही.

चौकात तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ती तिथल्या कॉम्प्युटरवर घोडेवाल्याचा तिसरा भाग खेळते. या खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, आपल्याकडे ते कोणी घेत नाही. घोड्यावरचा एकटा माणूस पूल ओलांडत किल्ल्याकडे जातो, म्हणून घोडेवाला. तिसरा भाग यंदाच आला आणि रिंकू त्यात अशी तरबेज झाली की आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेले लोक कार्ड विसरून जायचे.

चौकातल्या मंडळाने तान्ह्या पोळ्यासाठी महिनाभर आधीच घोडेवाल्याची स्पर्धा जाहीर केली. लहानांचे लाकडी बैल मिरवून झाले की मोठ्यांचा खेळ. रिंकूने पहिल्याच दिवशी नाव दिलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर नवी ओळ आली: पहिले दोन्ही भाग शेवटपर्यंत खेळलेल्यांनाच प्रवेश.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच मंडळाच्या अध्यक्षाकडे, नीलेशकडे गेली.

"नीलेशभाऊ, हा नियम काल नव्हता."

"ताई, मागचं माहीत नसलं त पुढच्यात मजा नाई. आम्ही शाळेपासून खेळून राह्यलो. तुम्ही एकदम तिसऱ्यात घुसल्या."

"तुमच्या मजेची काळजी मी काऊन करू? हरली त हरली मी."

"नियम म्हणजे नियम, ताई."

बाजूला तिचा मोठा भाऊ रजत बसला होता. तो मोबाइलमधून डोकं वर काढेना.

काढेल कसं? पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला तो रजतसाठी. तो दहावीत, ही सातवीत. नीलेश आणि आणखी सहा जण रोज शाळा सुटली की तिथे जमायचे, आणि रिंकूची नेमणूक दारात व्हायची. वडील, किसनराव, शेतातून येताना दिसले की "बाबा आले" असं ओरडायचं, एवढंच तिचं काम. एकदा तिने माउस मागितला, तर आईच म्हणाली, "तुले काय करायचं आहे ते? रस्त्याकडे पाह्य." दोन वर्षं ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. घोड्याच्या टापा, पूल कोसळल्याचा धडाका, सगळे आवाज तिला पाठ. चित्र मात्र एकही नाही. आणि आता तीच मंडळी विचारतात, मागचे भाग खेळलीस का! यालाच म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

दुसरी कोणी असती तर नाव मागे घेऊन मोकळी झाली असती. रिंकू हट्टाला पेटली. तिने जुने दोन्ही भाग शोधून काढले आणि पंधरा दिवस दुपारची भाकरी एका हातात, माउस दुसऱ्या हातात असं चालवलं.

पहिला भाग उघडला तेव्हा तिला रडू आलं, तेही संतापाने. ज्याच्या टापा ऐकून तिने दारात उभं राहून केवढाला घोडा मनात रंगवला होता, तो म्हणजे चार तपकिरी चौकोन. पूल म्हणजे एक रेघ. याच्यासाठी आपल्याला दोन वर्षं दारात ठेवलं? आणि तिसरा भाग कळायला यातलं काडीइतकंही लागत नव्हतं. तरी ती दात-ओठ खात एकेक पूल ओलांडत गेली. शेवटी घोडेवाला किल्ल्याचं दार उघडतो, आत कोणीच नसतं, आणि तो परत फिरतो. दुसरा भागही तिने तसाच तडीस नेला.

दोन्ही शेवटांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन ती मंडळात गेली. आठही जण बसले होते. नीलेशने पहिला फोटो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कुठलं आहे?"

"पहिल्या भागाचा शेवट."

"म्हणजे किल्ल्यात कोणीच नाई?"

रिंकू त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने एकेकाकडे पाहिलं. सगळे फोटोवर वाकले होते.

"दादा, तुले त माहीत असंल?"

रजत हसला. "अवं, शेवटापर्यंत कुठं गेलतो आम्ही! पाचवा पूल आला की तू ओरडायची, बाबा आले. बंद करून पळत होतो."

"मंग तुमच्यातला एकही खेळू शकत नाई," रिंकू म्हणाली. "नियम म्हणजे नियम. लिहा फळ्यावर एकच नाव."

नीलेश उठला, ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरची ती ओळ पुसून टाकली. "जाऊ द्या ताई. खेळच आहे शेवटी. आता कोणीही खेळंल."

रिंकूने फडक्याकडे बोट दाखवलं. "मी बाहेर होती तेव्हा नाई सापडलं हे फडकं?"

"आता काऊन चिडून राह्यली?" रजत म्हणाला. "घेतलं ना तुले आत."

"मले नाई घेतलं, दादा. मी नियमानं आली. आत तुम्ही स्वतःले घेतलं."